डोळा मिळाला, नजर यायची होती

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. तिनं आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय रे, किती पिकलेत तुझे केस!" घरी आल्यावर तिला स्वतःच्याच घराचे रंग नवे वाटले. जी भिंत इतकी वर्षं पिवळट वाटत होती ती पांढरी निघाली, आणि एक जुनं लुगडं तिच्या समजुतीपेक्षा बरंच निळं. डोळ्यातलं पिवळं पडलेलं भिंग जाऊन तिथं स्वच्छ भिंग बसलं होतं, एवढाच फरक. बाकी सगळं तिला त्याच क्षणी कळत होतं. कोण कुठे उभं आहे, पायरी कुठे संपते, कपात चहा किती उरलाय.

हाच मोतीबिंदू काही बाळांना जन्मतः असतो. असं मूल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही आणि बारा वर्षांचं झाल्यावर त्याचं ऑपरेशन झालं, तर पट्टी सुटल्यावर त्याला काय दिसेल? उजेड आत जातो. रंग दिसतात, हालचाल दिसते. पण समोर उभी असलेली बाई आपली आई आहे, हे ती बोलेपर्यंत किंवा तिचा हात हातात येईपर्यंत त्याला कळत नाही.

माझ्या आईला ऑपरेशननं डोळा परत मिळाला. नजर तिच्याकडे सत्तर वर्षांची होतीच. त्या मुलाला डोळा मिळाला, नजर अजून यायची असते.

हा फरक आपल्या भाषेला चांगला ठाऊक आहे. सराफाची नजर बसलेली असते, गवयाचा कान तयार असतो, सुताराचा हात बसलेला असतो, असं आपण म्हणतो तेव्हा त्यांचे अवयव आपल्यापेक्षा वेगळे आहेत असं आपल्याला म्हणायचं नसतं. मानसशास्त्रात याच दोन टप्प्यांना दोन नावं देतात. उजेड, आवाज, वास, दाब, उष्णता यांनी शरीरातल्या ग्राहक पेशी चेतवल्या आणि तो संदेश नसांतून निघाला, की ते झालं वेदन. (वेदन म्हणजे वेदना नव्हे, वेदना हा त्याचा एक प्रकार.) त्या संदेशांतून मेंदूनं "ही पायरी आहे", "हा आईचा आवाज आहे" असा अर्थ उभा केला, की ते संवेदन. रोजच्या जगण्यात हे दोन टप्पे इतके चिकटलेले असतात की मध्ये फट आहे हे जाणवतच नाही. ती फट पाहायची तर कुठेतरी सांधा निसटलेला असावा लागतो.

आधी वेदनाचं थोडं, कारण तिथंच एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, डोळा जगाचा फोटो काढून मेंदूकडे पाठवतो. नसांमधून फोटो जात नाही, आवाजही जात नाही. जातात ते विजेचे बारीक ठोके, आणि डोळ्याच्या नसेतले ठोके कानाच्या नसेतल्या ठोक्यांसारखेच असतात. ठोके कोणत्या नसेतून आले, यावरून ते उजेडाचे की आवाजाचे हे ठरतं. अंधारात डोळे चोळले तरी ठिणग्या दिसतात, त्या यामुळेच. आत उजेड आलेला नसतो, नुसता दाब आलेला असतो. पण डोळ्याची नस वाजली म्हणजे मेंदूच्या लेखी उजेडच.

मिरचीचंही असंच आहे. तिखटाला आपण चव म्हणतो, पण जिभेवरच्या चवीच्या पेशींशी त्याचा संबंध नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य वेदना आणि उष्णता सांगणाऱ्या नसांच्या टोकांवरची एक विशिष्ट झडप उघडतं. हीच झडप सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला आपणहून उघडते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ती १९९७ मध्ये शोधून काढली, आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूशियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर "तोंड पोळलं" असं आपण म्हणतो ते अलंकारिक बोलणं नाही. नसेनं पाठवलेला निरोप खरोखरच पोळल्याचा असतो. निरोप झणझणीत ठेच्यानं दिला की कढत चहानं, हे त्या नसेला सांगता येत नाही. ते ओळखायचं काम मेंदूचं: ताटात काय आहे, वास कसला येतोय, आधी काय खाल्लं होतं, हे सगळं जोडून.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास असतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त दहा लाखांच्या घरात. म्हणजे पडद्यावरच निवड आणि काटछाट सुरू होते. शिवाय ती नस ज्या ठिकाणाहून डोळ्याबाहेर पडते तिथं उजेड टिपणारी एकही पेशी नसते. हे घरी करून पाहता येतं. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फुलीकडेच पाहत राहा आणि कागद एक फुटाच्या अंतरावर हळूहळू मागेपुढे करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. मला त्याहून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं: ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, काळा डागही दिसत नाही. कोरा कागदच दिसतो. जिथून काहीच बातमी आलेली नाही तिथं आजूबाजूच्या कागदावरून मेंदूनं कागद भरून काढलेला असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात म्हटलं होतं की पाहणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान आहे. त्या ठिपक्याजवळ ते अनुमान रंगेहाथ सापडतं.

मग पुढचा प्रश्न असा, की हे अनुमान करायला मेंदू शिकतो कुठे? जन्मताच शिकून येतो, की पाहून पाहून?

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मोलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून एक कोडं घातलं. मोलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच होता. कोडं असं: जन्मांध माणूस हातानं चाचपून गोळा आणि ठोकळा वेगवेगळे ओळखतो. त्याला अचानक दिसू लागलं आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं पाहून, गोळा कोणता हे तो सांगेल का? मोलिन्यू यांचं उत्तर "नाही" असं होतं, आणि लॉकही त्यांच्याशी सहमत झाले. पण दोघांनीही हे बसल्या जागी विचार करून ठरवलं होतं. १७२८ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम चेसेल्डन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या तेराएक वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. त्या मुलाला आधी वाटे की दिसणारी प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांना टेकलेली आहे. मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे तो पुन्हा पुन्हा विसरे आणि विचारायला लाजे. एकदा त्यानं मांजर उचललं, चाचपलं, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि यापुढे तुला ओळखेन असं त्यालाच सांगून खाली ठेवलं. मला ही हकिकत फार आवडते, कारण त्या मुलानं संवेदनाचं सगळं काम एका हालचालीत उघड करून दाखवलं. हाताला ठाऊक असलेलं मांजर आणि डोळ्याला दिसणारा आकार यांची त्यानं गाठ बांधली.

पण एका मुलाच्या हकिकतीवरून निकाल देता येत नाही, आणि नीट प्रयोग करायला मुलं मिळणंही अवघड. श्रीमंत देशांत जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही महिन्यांतच काढला जातो. आपल्याकडे मात्र गरिबीमुळे आणि माहितीअभावी अशी मुलं वर्षानुवर्षं अंध राहत. मूळचे दिल्लीचे आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवणारे पवन सिन्हा यांनी ही परिस्थिती पाहून 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. खेड्यापाड्यांत जाऊन अशी मुलं शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांचे उपचार करायचे आणि मग त्यांची दृष्टी कशी घडत जाते ते अभ्यासायचं. उपचार आणि संशोधन अशी सांगड घातलेली असल्यामुळे मला या कामाबद्दल विशेष आदर आहे. प्रश्न तत्त्वज्ञांचा होता, पण ज्या मुलांच्या मदतीनं त्याचं उत्तर मिळालं त्यांना आधी डोळे मिळाले.

मोलिन्यू यांच्या कोड्याचं उत्तर २०११ मध्ये छापून आलं. आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं होती, आणि ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आतच त्यांची चाचणी घेतली गेली. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार होते. एक आकार दाखवायचा, मग दोन समोर ठेवायचे आणि मघाचा कोणता ते विचारायचं. पाहून पाहिलेला ओळखणं मुलांना जमलं, सुमारे ९२ टक्के वेळा. चाचपून चाचपलेला ओळखणं तर ९८ टक्के. पण चाचपलेला आकार पाहून ओळखायला सांगितला तेव्हा बरोबर उत्तरं आली ५८ टक्के. दोनातला एक डोळे मिटून निवडला तरी ५० टक्के बरोबर येतातच, म्हणजे हा जवळजवळ अंदाजच. लॉक आणि मोलिन्यू बरोबर होते. आणि लक्षात घ्या, मुलांना दोन आकारांतला फरक दिसत होता. धूसर दिसतं म्हणून ती चुकत नव्हती. दिसणारं आणि हाताला लागणारं एकच आहे, ही गाठ तेवढी नव्हती. काही दिवसांनी यातल्या काही मुलांना पुन्हा तपासलं तर ती बरीच बरोबर उत्तरं देऊ लागली होती. त्या दिवसांत त्यांना हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. हातात वस्तू घेऊन तिच्याकडे पाहिलं, एवढंच.

वस्तू "एक" आहे हे कळणंही आपण गृहीत धरतो, आणि तेही फुकट मिळत नाही. सिन्हा यांच्या गटानं अभ्यासलेल्या एका तरुणाला वयाच्या २९ व्या वर्षी योग्य चष्मा मिळून पहिल्यांदा नीट दिसू लागलं. एकमेकांवर चढलेले चौकोन आणि वर्तुळ दाखवले तर आपल्याला दोन आकृत्या दिसतात. त्याला तीन दिसत: दोन बाजूचे तुकडे आणि मधला, जिथं ते एकमेकांवर येतात तो. फोटोतल्या वस्तूवर निम्मं ऊन आणि निम्मी सावली असेल तर त्याच्या लेखी त्या दोन वस्तू. प्रत्येक रंगाचा, प्रत्येक छटेचा तुकडा सुटा. जग म्हणजे गोधडीच, फक्त कोणते तुकडे मिळून एक गोष्ट होते ते सांगणारं कुणी नाही. पण तीच आकृती हलवली की त्याला ती ओळखता येई. एकत्र सरकणारे तुकडे एकाच वस्तूचे, हे त्याला पहिल्यापासून कळत होतं. पुढे वर्ष-दीड वर्षात स्थिर चित्रंही त्याला बऱ्यापैकी उलगडू लागली. तान्ही बाळं पंख्याकडे, हलत्या खुळखुळ्याकडे टक लावून का पाहतात, याचं एक उत्तर मला इथं सापडतं. हालचाल ही बहुधा नजरेची बाराखडी असावी.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की पाहणं सगळंच शिकावं लागतं. मलाही तसंच वाटत होतं. पण याच प्रकल्पातून २०१५ मध्ये आलेल्या एका निष्कर्षानं ते चित्र बिघडवलं.

रेल्वेच्या रुळांसारख्या वर जवळ येत जाणाऱ्या दोन रेषा काढा आणि त्यांच्यामध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या, एक खाली, एक वर. वरची लांब वाटते. दुसरा भास बाणांचा: दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले, बाहेर फाकलेली लांब वाटते. पाठ्यपुस्तकांत याचं नेहमीचं स्पष्टीकरण असतं की आयुष्यभर लांब जाणारे रस्ते आणि खोल्यांचे कोपरे पाहून आपल्याला ही सवय लागते. १९६० च्या दशकात वेगवेगळ्या देशांत केलेल्या अभ्यासात काही समाजांतल्या लोकांना बाणांचा भास फारच कमी होतो असंही आढळलं होतं, आणि चौकोनी, कोपऱ्यांच्या घरांत न राहणं हे त्याचं कारण मानलं गेलं. मग ज्यानं जन्मात कधी रस्ता, रूळ, कोपरा पाहिलाच नाही, त्याला हा भास व्हायला नको. ऑपरेशननंतर लगेच नऊ मुलांना ही चित्रं दाखवली. सगळ्यांना भास झाला, आपल्याला होतो तसाच.

म्हणजे ठोकळा ओळखता येत नाही, पण रुळांचा भास मात्र पहिल्याच नजरेत फसवतो. याचा अर्थ काही हिशेब मेंदू जन्मतः घेऊन येतो, पाहण्याचा अनुभव त्याला लागत नाही. मग त्या वेगवेगळ्या समाजांतल्या फरकाचं काय? हा वाद मिटलेला नाही. मला स्वतःला वाटतं की "जन्मजात की शिकलेलं" असा एकच प्रश्न साऱ्या पाहण्याला विचारणं हीच चूक आहे. वेगळे धागे, वेगळे उगम. रेषांच्या लांबीचा हिशेब एकीकडून आलेला, आणि डोळ्याची हाताशी ओळख दुसरीकडून.

नजर उशिरा आली तर माणसाचं काय होतं, याची एक हकिकत मनातून जात नाही. सिडनी ब्रॅडफर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांची दृष्टी दहा महिन्यांचे असताना गेली होती आणि १९५९ च्या सुमारास, वयाच्या ५२ व्या वर्षी, बुबुळरोपणानं ती परत आली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्यांचा अभ्यास केला. ब्रॅडफर्ड भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहू शकत, कारण काटे चाचपून वेळ ओळखायचं खिशातलं घड्याळ ते आयुष्यभर वापरत आले होते. इंग्रजी मोठी अक्षरं ते वाचत, कारण अंधांच्या शाळेत ती हातानं शिकलेले होते; छोटी लिपी शिकवलेली नव्हती, ती वाचता येत नसे. हाताचं ज्ञान डोळ्याच्या उपयोगी पडत होतं. पण दवाखान्याच्या खिडकीतून पाहताना, ३०-४० फूट खाली असलेल्या जमिनीवर आपण हातांच्या आधारानं सहज उतरू शकू असं त्यांना वाटलं. त्यांचा हात जिथवर पोचला होता तिथवर त्यांची नजर होती. त्यापलीकडच्या खोलीला अर्थ नव्हता. हळूहळू ते खिन्न होत गेले. अंध असताना धीटपणे वावरणारे हे गृहस्थ रस्ता ओलांडताना घाबरू लागले आणि संध्याकाळी दिवा न लावताच बसून राहू लागले. १९६० मध्ये ते वारले. दृष्टी मिळाली म्हणजे सुखच मिळालं, असं समजून आपण अशा माणसांना एकटं सोडू नये.

कानाची गोष्ट मात्र उलट्या दिशेनं जाते, आणि ती तर थेट आपल्या बोलीतली आहे. "ताट" म्हणा. पहिला त दातांपाशी, दुसरा ट टाळूला जीभ वळवून. आपल्याला हे दोन आवाज दिवस-रात्रीइतके वेगळे वाटतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ माणसाला ते बहुतेक वेळा एकच ऐकू येतात. कानात दोष नसतो. हवेतला फरक त्याच्या कानापर्यंतही पोचतोच. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतल्या याच त-ट जोडीवर इंग्रजी घरांतल्या बाळांची परीक्षा घेतली. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची, बरोबर वळवली की एक खेळणं उजळून हलायला लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. म्हणजे फरक ऐकणारा कान घेऊनच सगळी बाळं येतात, आणि घरात ज्या फरकाला किंमत नाही तो वर्षाच्या आत बाजूला पडतो. डोळ्याला हाताची ओळख मिळवावी लागली, कानाला मात्र नको ते गाळावं लागलं. तयार होणं हे दोन्ही प्रकारांनी होतं.

आपण मराठी माणसंही यातून सुटलेलो नाही. "चार" मधला च आणि "चारा" मधला च वेगळे आहेत; "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जिवंत राहा, यांतला ज वेगळा. लिहिताना अक्षर एकच, तरी आपला कान चुकत नाही. पण इंग्रजीतले "वाइन" आणि "व्हाइन" हे शब्द नुसते ऐकून वेगळे ओळखायला सांगितले, तर आपल्यातले बरेच जण अडखळतात.

परदेशातल्या मराठी घरांत मुलांना ळ आणि ण यावेत म्हणून लहानपणापासून गाणी लावून ठेवतात. त्यांच्यासाठी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून, हातात खेळणी घेऊन बोलणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ऐकली, त्यांच्या कानात त्या भाषेतले आवाज टिकले. तेच बोलणं ज्यांनी टीव्हीवर किंवा नुसतं ध्वनिफितीवर ऐकलं, त्यांच्या कानात काहीच उतरलं नाही. त्या प्रयोगात दोन्ही बाजूंनी बोलता येणारा व्हिडिओ कॉल नव्हता, तेव्हा आजीनं फोनवरून बाळाशी गप्पा मारणं थांबवू नये.

या सगळ्यात काळाला फार मोल आहे. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला. पुढे उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या पेशींनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतली होती. १९८१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. माणसाच्या बाळाचंही हेच. दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत काढला तर नजर चांगली घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. प्रोजेक्ट प्रकाशमधल्या मुलांनी उशिरानंही खूप काही शिकता येतं हे दाखवलं, पण त्यांची दृष्टी आपल्याइतकी तीक्ष्ण झाली नाही.

म्हणून बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, किंवा फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर "मोठं झालं की बघू" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा; मोतीबिंदू नसला तर त्याहून गंभीर काही असू शकतं. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे जन्मजात मोतीबिंदूचं एक मोठं कारण आहे. गोवर-रुबेलाची लस आपल्या देशात २०१७ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते, मुलींना आणि मुलग्यांनाही.